चाल, ठेका आणि बीट : वणी परिसरातील देवीगीतांच्या लयीचे स्थित्यंतर

मराठीत 'चाल' हा शब्द चालण्याच्या रीतीसाठी, गीताच्या स्वरलयबद्ध सांगाड्यासाठी आणि पूर्वापार वहिवाटीसाठी सारखाच वापरला जातो. लोकगीतांच्या अभ्यासात हे तिन्ही अर्थ वेगळे काढणे अवघड असते. नाशिक जिल्ह्यातील वणीच्या देवीच्या यात्रेत तर ते जवळजवळ अशक्य होते. चैत्रात खानदेशातून सप्तशृंगीच्या दर्शनास पायी निघालेला यात्रेकरू चालतो, चालता चालता गातो, आणि हे चालणे-गाणे त्याच्या घरात चालत आलेली चाल असते. गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत या गाण्यांची लय बदलली आहे. ती कशी बदलली याचे एक सोपे उत्तर नेहमी तयार असते : पूर्वी लय संथ होती, आता ती द्रुत झाली; पूर्वी शब्द ऐकू येत, आता ठोके ऐकू येतात. हे उत्तर सर्वस्वी खोटे नाही, परंतु ते अपुरे आहे आणि एका महत्त्वाच्या बाबतीत दिशाभूल करणारेही आहे. लयीतील बदल गतीच्या अंगाने न पाहता अक्षर आणि ठोका यांच्या परस्परसंबंधाच्या अंगाने पाहिला, तर आजीची पिढी आणि नातवाची पिढी मधल्या पिढीपेक्षा एकमेकींच्या अधिक जवळ असल्याचे आढळते. प्रस्तुत लेखात या निरीक्षणाची मांडणी करण्याचा प्रयत्न केला आहे.

वणीची निवड येथे सहेतुक आहे. वणी हे गाव दिंडोरी तालुक्यात मोडते. सप्तशृंगगड कळवण तालुक्यात असून नांदुरी हे त्याच्या पायथ्याचे गाव. तरीही महाराष्ट्रभर ही देवी 'वणीची देवी' म्हणूनच ओळखली जाते, आणि गीतांतही गडापेक्षा वणीचेच नाव अधिक रुळलेले आहे. साडेतीन पीठांपैकी अर्धे पीठ म्हणून मान असलेल्या या स्थानी चैत्रात आणि शारदीय नवरात्रात मोठ्या यात्रा भरतात. चैत्रोत्सव विशेषतः खानदेशाचा. भौगोलिकदृष्ट्या वणी तीन संगीतप्रदेशांच्या सांध्यावर आहे. दक्षिणेकडून नाशिकची देशी परंपरा येते : गोंधळ, भजन, तमाशा, जलसा, आणि ज्याला आता केरळातसुद्धा 'नाशिक ढोल' या नावाने ओळखतात तो ढोल. ईशान्येकडून अहिराणी बोलणारा खानदेश येतो, त्याच्याबरोबर कानबाईची गाणी आणि लग्नातला बँड येतो. पश्चिमेकडे सुरगाणा, पेठ आणि त्यापलीकडील डांग. तेथील कोकणा व इतर आदिवासी जमातींची पावरी, तेथला संबळ, तेथला बोहाडा. यात्रेच्या दिवसांत हे तिन्ही प्रवाह एकाच रस्त्यावर ऐकू येतात. एका प्रदेशात घडलेला लयबदल दुसऱ्या प्रदेशाशी ताडून पाहण्याची अशी संधी फार ठिकाणी मिळत नाही.

संज्ञेविषयी थोडे. अशोक दा. रानडे यांनी 'लोकसंगीतशास्त्र' (१९७५) व नंतरच्या लेखनात लोकसंगीत आणि जनसंगीत या कोटी वेगळ्या मानल्या. जनसंगीत माध्यमांच्या आश्रयाने वाढते आणि त्याचा श्रोता त्याचा निर्माता असतोच असे नाही. हा भेद विवेचनासाठी उपयुक्त आहे. पण यात्रेतील देवीगीत या दोन कोटींच्या सीमेवरून सतत ये-जा करते. जात्यावरची ओवी लोकसंगीत आणि ध्वनिमुद्रित देवीगीत जनसंगीत, असे म्हणून भागत नाही. कारण ओवी गाणारी स्त्रीच कॅसेट ऐकते आणि कॅसेटवर ऐकलेले गीत पायी जाताना पुन्हा आपल्या पद्धतीने म्हणते.

आता मूळ मुद्दा. देवीच्या तीन नावांपासून आरंभ करणे सोयीचे होईल : अंबाबाई, सप्तशृंगी, जगदंबा. तिन्ही नावे चार अक्षरांची. लघु-गुरूंचा हिशेब मांडला तर मात्र ती सारखी राहत नाहीत. 'अंबाबाई' या नावातील चारही अक्षरे गुरू असल्याने त्याच्या मात्रा आठ. 'सप्तशृंगी' यात 'प्त' हे अक्षर लघू, म्हणून मात्रा सात. 'जगदंबा' यात पहिली दोन अक्षरे लघू, म्हणून मात्रा सहा. अक्षरे मोजणाऱ्या छंदात ही तीन नावे एकमेकांच्या जागी बिनदिक्कत बसतात. मात्रा मोजणाऱ्या जातीत ती तशी बसत नाहीत. मराठी पद्यरचनेतील एक मोठा भेद या तीन नावांत सामावलेला आहे. माधव जूलियनांनी 'छंदोरचने'त (१९२७, परिवर्धित आवृत्ती १९३७) ओवी-अभंगादी रचनांना लगत्वभेदातीत म्हटले. तेथे ऱ्हस्व-दीर्घाचा भेद गणनेपुरता लोपतो आणि प्रत्येक अक्षर सारख्याच कालाचे, बहुधा गुरूच्या मापाचे, उच्चारले जाते. उलट आवर्तनी जातींत मात्रांचा हिशेब चोख असतो : पद्मावर्तनात आठ, भृंगावर्तनात सहा. तबल्या-ढोलकीच्या भाषेत बोलायचे तर एकीकडे केरवा-धुमाळीचे घर आणि दुसरीकडे दादऱ्याचे.

जात्यावरची ओवी पहिल्या प्रकारात येते. परंतु लगत्वभेदातीत एवढे म्हणून तिची लय सांगून होत नाही. ओवीत अक्षरसंख्याही स्थिर नसते; साडेतीन चरणांचा आकार आणि यमकाची जागा एवढेच काय ते पक्के. अक्षरे कमी पडली तर स्वर लांबवला जातो, जास्त झाली तर ती एका श्वासात कोंबली जातात. कालाचे माप येथे जात्याच्या फेऱ्यात आणि दळणाऱ्या स्त्रीच्या दमात असते. घास घातला की फेरा जड होतो आणि ओवीही जड होते. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्या संग्रहाचे एक वैशिष्ट्य असे की, त्यातील ओव्यांचा एक भाग ध्वनिमुद्रित आहे. ज्यांनी ओवी फक्त छापील पानावर वाचली आहे त्यांना ती ओबडधोबड वाटते. ऐकल्यावर तो ओबडधोबडपणा नाहीसा होतो. पिठाची गिरणी गावोगाव पोहोचली तेव्हा स्त्रियांचे कष्ट वाचले, हे निर्विवाद. त्याच वेळी ओवीच्या लयीला आधार देणारी शरीराची क्रिया मात्र निघून गेली. ओवी उरली ती लग्नात हळद दळण्याच्या विधीपुरती आणि स्मरणापुरती.

गोंधळात हीच सैल गणना वाद्याच्या संगतीने चालते, म्हणून तो अधिक विचारात घेण्याजोगा आहे. रा. चिं. ढेरे यांनी गोंधळी परंपरेच्या धार्मिक-सांस्कृतिक अंगाचा सविस्तर वेध घेतला आहे. तिच्या लयीचा विचार तुलनेने कमी झाला. गोंधळाच्या आरंभी देवतांना त्यांच्या त्यांच्या स्थानांहून आवाहन केले जाते. ही स्थाननामे एकापाठोपाठ एक येतात आणि ती सारख्या लांबीची नसतात. लेखनानुसार पाहिले तर 'तुळजापूर' आणि 'कोल्हापूर' प्रत्येकी सात मात्रांची, 'माहूर' पाच मात्रांचे, आणि 'वणी' अवघ्या तीन मात्रांचे. संबळाचे आवर्तन मात्र एकच असते. गोंधळी 'वणी' या नावातील 'णी' लांबवतो, किंवा नावापुढे 'गड' जोडतो, किंवा नावानंतरची जागा मोकळी सोडून संबळाला बोलू देतो. यापैकी काय करायचे हे त्या क्षणी ठरते, आणि संबळवाला ते गायकाच्या तोंडाकडे पाहून ओळखतो. कमरेला बांधलेल्या दोन भांड्यांपैकी लहानावर सरळ काठी, मोठ्यावर टोकाशी वळलेली. या दोहोंत तो सम विभागातून विषम विभागात आणि पुन्हा सम विभागात सहज जातो. तुणतुणे अखंड चालू असते. झांज कधी मधे येते, कधी थांबते. लयीचा मालक येथे शब्द उच्चारणारा आहे. शब्द पुढे, ठोका मागे. आख्यानात तर ठोका अनेकदा पूर्ण थांबतो आणि गद्य सुरू होते. नायक बोलतो, साथीदार त्याला प्रश्न विचारतो, मग अचानक गीत उचलले जाते. रात्रभराच्या गोंधळात या थांबण्याला मोठी किंमत आहे. त्याशिवाय आख्यान सांगताच येत नाही.

आता गतीविषयी. ही परंपरा संथ होती हा समज गोंधळ प्रत्यक्ष ऐकल्यावर टिकत नाही. उत्तररात्रीचा संबळ द्रुत असतो, आणि चांगल्या वादकाची द्रुत लय अनेक यंत्रांना मागे टाकील अशी असते. पायी चालणाऱ्यांची गोष्टही तशीच. सामान्य चालीत माणूस मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे पावले टाकतो, आणि आजचे नाचाचे यांत्रिक संगीतही बहुधा मिनिटाला सव्वाशेच्या आसपास ठोके देते. आजोबांची पावले आणि नातवाच्या डीजेचे ठोके यांच्या गतीत सांगण्यासारखा फरक नाही. फरक आहे तो पाऊल कोण आखते यात.

मधल्या पिढीकडे वळताना छापील पुस्तिकांचा विचार टाळता येत नाही. यात्रेत देवीच्या गाण्यांच्या पातळ पुस्तिका विकल्या जातात. त्यांतील बहुतेक गीतांच्या शिरोभागी कंसात 'चाल' दिलेली असते आणि पुढे एखाद्या लोकप्रिय चित्रपटगीताचे नाव असते. या पुस्तिकांना साहित्याच्या अभ्यासात फारसे स्थान मिळालेले नाही. ते एका परीने स्वाभाविक आहे, कारण शब्दांच्या दृष्टीने त्यांत पुनरुक्ती फार. पण लयीच्या अभ्यासकाला ती कंसातली ओळ पुष्कळ काही सांगते. गीतकाराने अक्षरे मोजलेली नाहीत. त्याने दुसऱ्या एका गीताच्या मात्रांवर आपले शब्द बसवले आहेत. ही उसनवारी नवी नाही, हे लगेच नमूद केले पाहिजे. १८८० मध्ये रंगभूमीवर आलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'पासून संगीत नाटकांच्या छापील प्रतींत पदांच्या माथ्यावर चाली देण्याची प्रथा दिसते. त्या चाली कानडी नाटकांपासून लावण्यांपर्यंत कोठूनही घेतलेल्या असत. सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांनीही प्रचलित चालींचा मुक्त वापर केला. नाशिक जिल्ह्यापुरते बोलायचे तर भीमराव कर्डकांचा जलसा आणि सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) ही नावे या संदर्भात अटळ आहेत. वामनदादांच्या रचनेचा आरंभ १९४३ मध्ये एका हिंदी गीताच्या विडंबनातून झाला, असे सांगितले जाते. ज्यांना आपला आशय तातडीने लोकांच्या तोंडी घालायचा असतो ते ओळखीची चाल घेतात. देवीगीतकार त्याच वाटेने गेला.

मात्र चित्रपटगीताची चाल घेणे आणि लावणीची चाल घेणे यांत एक फरक आहे. लावणीची चाल ढोलकीवाल्यापरत्वे बदलते. ध्वनिमुद्रित गीताची चाल सर्वत्र एकच असते. जुन्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सव्वातीन मिनिटांच्या आसपास वेळ मिळे, म्हणून ध्रुवपद, दोन-तीन अंतरे, त्यांच्यामधील वाद्यसंगीत आणि पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत न बदलणारा ठेका हा आकार ठरून गेला. तबकडीपाठोपाठ आकाशवाणीने आणि चित्रपटाने तो पक्का केला. वसंत पवारांचे 'सांगत्ये ऐका' (१९५९) आणि राम कदमांचे 'पिंजरा' (१९७२) या चित्रपटांतील लावण्यांत ढोलकी अत्यंत कसदार आहे, याविषयी दुमत होऊ नये. परंतु तमाशातली ढोलकी आणि ध्वनिमुद्रणातली ढोलकी यांचे काम वेगळे आहे. तमाशात ढोलकीवाला नाचणारीला आव्हान देतो, अडवतो, तिच्या पावलांची वाट पाहतो. ध्वनिमुद्रणात त्याला आखलेल्या जागीच चमकायचे असते. या काळात देवीगीताचा 'ठेका' तयार झाला : आठ मात्रांचा केरवा किंवा भजनी, क्वचित सहा मात्रांचा दादरा.

येथे ती तीन नावे पुन्हा पाहावीत. आठ मात्रांच्या घरात 'अंबाबाई' नेमकी बसते. 'सप्तशृंगी'ला एक मात्रा कमी पडते, म्हणून 'प्त' ओढावा लागतो किंवा शेवटचा 'गी' लांबवावा लागतो. 'जगदंबा' दादऱ्यात घरच्यासारखी वावरते. केरव्यात तिला आधी किंवा नंतर दोन मात्रांचा टेकू द्यावा लागतो, आणि तेथे 'माय', 'गं', 'हो' यांसारखे शब्द येतात. देवीगीतांत अशा भरीच्या शब्दांचा जो सुकाळ दिसतो त्याला टीकाकार शैलीदोष म्हणतात. तो शैलीदोष असेलही, पण त्याचा उगम बहुतेक वेळा मात्रांच्या हिशेबात आहे. अक्षरांना लवचीक मानणारी परंपरा मात्रांच्या पक्क्या घरात राहायला आली, त्या स्थलांतराच्या या खुणा आहेत. मधल्या पिढीचा कान या अर्थाने सर्वांत काटेकोर होता. ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर त्याला खटकत असे. शाळेतले वृत्तशिक्षण, भावगीत आणि १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून सादर झालेले 'गीतरामायण' यांनी हा कान घडवला होता. या पिढीने आजीच्या ओवीला 'बेताल' म्हणावे आणि मुलांच्या गाण्यालाही 'बेताल' म्हणावे, यात आश्चर्य नाही. दोन्हींत तिला आपला हिशेब सापडत नव्हता.

१९८० नंतर कॅसेटने या व्यवहाराचे अर्थकारण बदलले. पीटर मॅन्युएल यांनी 'कॅसेट कल्चर' (१९९३) या ग्रंथात उत्तर भारतापुरता हा बदल तपशिलाने दाखवला आहे. ध्वनिमुद्रण स्वस्त झाले, मोठ्या कंपन्यांची मक्तेदारी सैल झाली आणि प्रादेशिक, जातिविशिष्ट, दैवतविशिष्ट संगीताला बाजार मिळाला. महाराष्ट्रात प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्यासारख्या गायकांचे आवाज कॅसेटवरून घराघरांत गेले. जलसा आणि कव्वाली यांत मुरलेला शिंदे घराण्याचा खडा, आघातयुक्त उच्चार भक्तिगीतातही आला. लयीच्या दृष्टीने हा तपशील महत्त्वाचा आहे. टाळीवर पडणाऱ्या शब्दाला वजन देण्याची कव्वालीची सवय देवीगीतात शिरली, आणि मात्रांच्या हिशेबाशेजारी आघाताचा हिशेब सुरू झाला. पारंपरिक मराठी छंदःशास्त्रात आघात हे गणनेचे एकक नाही. म्हणून या बदलाची दखल घेण्यास अभ्यासकांजवळ परिभाषाच नव्हती.

ऑक्टोपॅड आला तो याच दशकात. रबरी पट्ट्यांवर काठीने वाजवायचे हे वाद्य १९८५ मध्ये बाजारात आले आणि हळूहळू बँजो पार्ट्यांत, ऑर्केस्ट्रांत, लग्नाच्या वरातीत पोहोचले. त्याच्यात संबळ असतो, ढोलकी असते, हलगी असते, ताशाही असतो. म्हणजे प्रत्येकाचा एकेक नमुना असतो. संबळवाल्याचे दोन्ही हात एका वेळी वेगळे बोलतात, आणि दोन ठोक्यांमधले अंतर तो केसभर मागेपुढे करतो. लोक त्यालाच झोका म्हणतात. पॅडवर वादकाचा हात चांगला असेल तर झोका काही अंशी टिकतो. पुढे संगणकावर तयार होणाऱ्या तालात तोही टिकला नाही, कारण तेथे कालाचे सारखे चौकोन आधीच आखलेले असतात. याला एक विचित्र अपवाद आहे. प्रत्यक्ष संबळाच्या एखाद्या आवर्तनाचे ध्वनिमुद्रण कापून तेच पुन्हा पुन्हा फिरवले जाते, तेव्हा मूळ झोका शाबूत राहतो. पण मग कोणा एका वादकाने कोणा एका दिवशी दिलेला झोका शेकडो गावांच्या मिरवणुकांत जसाच्या तसा ऐकू येतो.

आता तिसरी पिढी. डीजेवरच्या देवीगीतात अंतरे घटले, ध्रुवपदातील एखादा तुकडा वारंवार येऊ लागला आणि देवीचे नाव हेच बहुधा त्या तुकड्याचे केंद्र झाले. हे नाव दोन ठोक्यांवर विभागले जाते : अंबा–बाई, सप्त–शृंगी, जग–दंबा. प्रत्येक ठोक्यावर दोन अक्षरे. 'जग' दोन मात्रांचा आणि 'दंबा' चार मात्रांची, याची येथे कोणाला फिकीर नसते. ठोका पडला की अक्षर पडते. ज्या तीन नावांना मधल्या पिढीने आठ, सात आणि सहा अशा तीन वेगळ्या घरांत ठेवले होते ती पुन्हा एकमेकांच्या जागी बसू लागली. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पुन्हा लोपला. लगत्वभेदातीत हा माधव जूलियनांचा शब्द ओवीइतकाच या गाण्यालाही लागू पडतो.

हे साम्य वरवरचे म्हणून सोडून देण्यासारखे नाही. यात्रेतील सामुदायिक उच्चाराची गरज त्याच्या मुळाशी आहे. हजारो माणसांना एकदम म्हणता येईल असा शब्द मात्रांच्या बारकाव्यावर उभा राहू शकत नाही. त्याला अक्षरांचा ढोबळ आकार लागतो. 'उदो' या पुकाऱ्यातील 'उ' ठोक्याच्या आधी येतो आणि 'दो' ठोक्यावर पडतो. संबळावरही असेच होते आणि ध्वनिवर्धकांच्या भिंतीसमोरही असेच होते. मधल्या पिढीचे ठेक्यातले गीत हे मुख्यतः बसून ऐकण्याचे गीत होते. आधीचे आणि नंतरचे ही दोन्ही शरीराने करण्याची गीते आहेत : एक दळताना आणि चालताना, दुसरे नाचताना.

तरीही दोन्ही एक नव्हेत. ओवी-गोंधळात मात्राभेद लोपतो तो अक्षर ताणता येते म्हणून. डीजेवर तो लोपतो तो अक्षर कापले जाते म्हणून. पहिल्यात ठोका शब्दाची वाट पाहतो, दुसऱ्यात शब्दाला ठोक्याच्या आत पोहोचावे लागते. आणि येथेच खरी हानी झालेली आहे. ठोका थांबत नाही, म्हणून आख्यान सांगता येत नाही. गोंधळातील गद्य, त्यातला प्रश्न, त्यातला विनोद, देवीच्या युद्धाची कथा यांपैकी काहीही न थांबणाऱ्या तालावर उभे राहत नाही. उरते ते फक्त आवाहन. गोंधळाच्या पूर्वरंगाचा पहिला अंश वाढून संपूर्ण प्रयोग झाला आणि उत्तररंग गळून पडला, असे या रूपांतराचे वर्णन करता येईल. याला कायद्याचेही एक कारण जोडले गेले आहे. ध्वनिप्रदूषणविषयक २००० सालच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिवर्धकावर बंदी घातली. वर्षातील काही मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सूट असते. नियम योग्यच आहे. पण ध्वनिवर्धकाची सवय झालेला गोंधळ दहाच्या आत आटोपू लागला, आणि ज्या कथेला रात्र लागते ती कथा प्रथम कापली गेली. संबळ-तुणतुण्याच्या मूळ आवाजावर गोंधळ पुन्हा रात्रभर चालवणेही सोपे नाही. अडचण आहे ती श्रोत्यांच्या कानाची, आणि वाद्यावर पोट असणाऱ्या गोंधळी कुटुंबांना पूर्ण रात्रीचा मोबदला देणाऱ्या यजमानाची.

नव्या पिढीच्या बाजूनेही काही सांगितले पाहिजे. खानदेशातील मिरवणुकांत स्त्रिया आता उघडपणे नाचतात. त्यांच्या आज्यांना गाण्याची मुभा होती ती जात्यापाशी आणि माजघरात. अहिराणीला, जिला मधल्या पिढीच्या ध्वनिमुद्रणांनी फारसे विचारले नव्हते, या यांत्रिक तालावर मोठा श्रोतृवर्ग मिळाला. आणि चित्रपटसंगीताकडे पाहिले तर लोकवाद्यांचा नादच पुन्हा केंद्रस्थानी आलेला दिसतो. अजय-अतुल यांचे 'जोगवा' (२००९), 'नटरंग' (२०१०) आणि 'सैराट' (२०१६) या चित्रपटांतील संगीत हे त्याचे ठळक उदाहरण. 'सैराट'च्या संगीतातील पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा भाग लॉस एंजलिस येथे ध्वनिमुद्रित झाला, आणि तरी गावाकडच्या श्रोत्याने ते आपले मानले ते त्यातील तालाच्या झोक्यामुळे. ज्या पिढीवर बेतालपणाचा आरोप होतो ती झोका ओळखते, एवढे तरी यावरून मान्य करावे लागते.

संकलनाच्या पद्धतीसंबंधी एक गोष्ट येथे नोंदवणे आवश्यक आहे. महाविद्यालयीन प्रकल्पांत आणि लघुप्रबंधांत देवीगीते आजही शब्दांपुरतीच उतरवून घेतली जातात. अशा संहितेवरून ओवीतील ताण कळत नाही, पुस्तिकेतील कंसातली चाल अनेकदा 'अनावश्यक' म्हणून गाळली जाते, आणि डीजेवरचे गीत कागदावर अवघ्या चार ओळींचे, म्हणून क्षुल्लक ठरते. तिन्ही ठिकाणी लय संहितेच्या बाहेर आहे. ना. ग. जोशी यांनी मराठी छंदोरचनेचा लयीच्या दृष्टीने पुनर्विचार केला, त्याला आता काही दशके लोटली. त्या विचारात अक्षर आणि मात्रा यांच्या जोडीला आघात आणि विराम यांना जागा करून दिल्याशिवाय या गीतांची नोंद पुरी होणार नाही. निदान प्रत्येक गीताबरोबर ते बसून म्हटले, चालताना म्हटले की वाद्यावर म्हटले, कोणत्या वाद्यावर, आणि ठोका कोठे थांबला, एवढे तरी लिहून ठेवणे कोणत्याही विद्यार्थ्याला शक्य आहे.

विरामाचा विषय निघाला असता वणीच्या पश्चिमेकडील मुलखाचा उल्लेख केला पाहिजे. सुरगाणा-पेठ भागातील लग्नांत पावरीचा आवाज आता की-बोर्डवर काढला जातो आणि संबळ पॅडवर. दोन्ही एका वाहनावर लादलेल्या ध्वनिवर्धकांतून ऐकू येतात. त्याच भागातील बोहाड्यात मात्र संबळ आणि सनई टिकून आहेत. बोहाड्यात देव-दानवांचे मुखवटे घातलेली सोंगे एकामागून एक येतात. प्रत्येक सोंगाची चाल निराळी, म्हणजे चालणेही निराळे आणि वाजवणेही निराळे. जड लाकडी मुखवट्याखालून सोंग काढणाऱ्याला पुढचे नीट दिसत नाही. तो अडखळतो, थबकतो, दोन पावले मागे येतो. संबळवाल्याची नजर त्या पावलांवर असते, आणि पाऊल उचलले जाईपर्यंत त्याची काठी वरच थांबलेली असते.